दोन शहरं आणि शाळेसमोरचा बाक

खरबूज घरात आलं की आधी त्याचा वास येतो, मग फळ दिसतं. नदीच्या वाळूत ऊन पिऊन पिवळं पडलेल्या त्या फळाचा गोड, किंचित उग्र दरवळ वैशाखातल्या सकाळी जळगावच्या आमच्या घरात शिरतो, तेव्हा कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास बाजूला सरकून त्याला जागा करून देतो. एरवी मला हा वास फार आवडतो. या वर्षी मात्र तो दारातून आत आला तेव्हा माझ्या मनात प्रथम उमटलं ते एवढंच, की हे खरबूज धुळ्याहून आलं आहे, माझ्या विहीणबाईंनी आणलं आहे, आणि मी बाजारातून निवडून आणलेल्या खरबुजापेक्षा ते मोठं आहे.

"याहीनबाई, डांगर नदीनं शे, बजारनं नही," खरबुजाला डांगर म्हणणाऱ्या कमलअक्का उंबऱ्यातूनच म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या हातात न देता थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, तो दिवस. आमच्या खानदेशात या दिवशी घरातून गेलेल्या माणसांसाठी मातीची नवी घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, आमरस-पोळीचा नैवेद्य दाखवतात. आणि याच दिवसासाठी सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. जे परत येणार नाहीत त्यांच्यासाठी पाणी आणि ज्या चार दिवसांसाठी आल्या आहेत त्यांच्यासाठी झोका, असं हे दुहेरी विणकाम लहानपणी मला विचित्र वाटे. गेल्या मार्गशीर्षात माझे पती गेले. शाळेत भूगोल शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नकाशावर बोट ठेवून ते जगभर हिंडले आणि प्रत्यक्षात नाशिकपलीकडे क्वचितच गेले. त्यांच्या नावाची ही पहिली घागर होती. म्हणून या आखाजीला सून धुळ्याला माहेरी गेली नाही. तिचं माहेरच आमच्याकडे आलं.

त्या आधीची गोष्ट माघातली. हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास हवेत होता आणि मी पतींची पुस्तकं उन्हात मांडत होते, तेव्हा पुण्याहून अनिकेतचा, माझ्या मुलाचा, फोन आला. त्याची कंपनी त्याला काही वर्षांसाठी युरोपात पाठवत होती. व्हिएन्ना किंवा लिस्बन, दोन्हींपैकी कोणतं शहर घ्यायचं हे त्याच्यावर सोडलं होतं. काम दोन्हीकडे सारखंच. प्रश्न होता तो आठ वर्षांच्या रेवाच्या शाळेचा. "बाबा असते तर त्यांनाच सांगितलं असतं. तू वाचतेस ना, आई? तू बघ, रेवाला कुठे बरं पडेल." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि सुरुवातीचे काही महिने तूही चल ना आमच्याबरोबर."

मी म्हणाले, "मी कुठे येणार आता?"

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी होकार देत नाही. पोळी वाढायला आलेल्या माणसापुढे ताटावर हात आडवा धरायचा असतो. वाढणाऱ्यानं दुसऱ्यांदा म्हणायचं, तिसऱ्यांदा हात बाजूला सारून वाढायची, आणि मग "अहो, किती" म्हणत खायची. त्यात घरात दुःखाचं वर्ष. विधवेनं पहिल्याच वाक्याला परदेशी निघण्याची हौस दाखवावी का? अनिकेत याच ताटांवर वाढलेला मुलगा; तो पुन्हा विचारील, हे मी धरूनच चालले होते. पण त्यानं माझा नकार दुःखाचा मान म्हणून जपून ठेवला, आणि होळीच्या सुमारास रेवानंच मला फोनवर सांगून टाकलं, "आजी, अक्का येणार आहे आमच्याबरोबर! ती म्हणते, तठे बरफ पडस!"

या मुलीला अक्षरं मी शिकवली. तिचे पाय माझ्या मांडीवर, पाटी तिच्या मांडीवर. आणि तिच्या जिभेवर बसली ती मात्र धुळ्याच्या अक्काची अहिराणी.

रेवाचे आजोबा मला म्हणत, "तुझा मत्सर फार अबोल आहे. आमटीत मीठ कमी पडलं की मला कळतं." आता मीठ कमी पडलं तरी कळणारं कुणी नव्हतं, आणि मी संध्याकाळच्या संध्याकाळ मोबाइलवर त्या दोन शहरांबद्दल वाचत बसले. तिथे जाऊन राहिलेल्या आईबापांचे अनुभव वाचले, शाळांची माहिती वाचली, हिवाळ्यात ऊन किती वाजता मावळतं ते पाहिलं. व्हिएन्नात लहान मुलंदेखील ट्रामनं एकटी शाळेत जातात, रस्ते शिस्तीचे, रविवारी दुकानं बंद, माणसं सावकाश जवळ येणारी. लिस्बन टेकड्यांवर सांडलेलं, उजेडानं भरलेलं. कुणाचंही मूल दिसलं की हसणारी माणसं, पण शाळा गावाबाहेर समुद्राच्या वाटेवर, आणि हिवाळ्यात घरांना ओल. दोन्हीकडे शाळा इंग्रजीतून. शेजारी बोलायला एकीकडे जर्मन, दुसरीकडे पोर्तुगीज. दोन्हीकडच्या आया एक गोष्ट सारख्याच शब्दांत लिहितात: दर उन्हाळ्यात वर्गातली काही मुलं दुसऱ्या देशात निघून जातात, आणि राहिलेली मुलं निरोप घ्यायला फार लवकर शिकतात. ते वाक्य वाचून मी मोबाइल बंद केला आणि बराच वेळ अंगणात उभी राहिले.

मला त्या शहरांचा मत्सर वाटत होता, हे लिहायला हरकत नाही. दोन शहरं माझ्या नातीसाठी स्पर्धा करत होती, आपापल्या बागा, ग्रंथालयं, नद्या पुढे करत होती, आणि त्या स्पर्धेत जळगावला प्रवेशच नव्हता. आमच्याकडे दाखवायला केळीच्या बागा, सोन्याची दुकानं आणि हे असलं ऊन. हळूहळू असं झालं की ती शहरंही मला आमच्याकडच्या नात्यानं दिसू लागली. सरळ, आखीव रस्त्यांचं व्हिएन्ना म्हणजे धुळं. धुळ्याच्या माणसाला आपल्या सरळ गल्ल्यांचा केवढा अभिमान! त्यातून अक्कांचा कौल बर्फाला, म्हणजे व्हिएन्नालाच. मग लिस्बन आपोआप माझ्याकडचं झालं. त्याच्या ओल्या भिंतींना मी मनातल्या मनात क्षमा करून टाकली.

तर आखाजीच्या त्या सकाळी अनिकेतनं घागर भरली. रेवानं आपल्या छोट्या तांब्यानं त्यात पाणी घातलं आणि विचारलं, आजोबांना हे पुरेल का. घागरीवर खरबूज ठेवायची वेळ आली तेव्हा दोन्ही खरबुजं शेजारी होती. माझं लहान होतं. मी काही बोलायच्या आत अक्कांनी माझंच उचलून घागरीवर ठेवलं. "घरनं डांगर घरना मानूसले," त्या म्हणाल्या. "मनं डांगर कापीसन खाऊत." आणि स्वतःचं मोठं खरबूज त्यांनी कापायला बाजूला ठेवलं. त्यांच्या या सहज औदार्याचाही मला राग आला. मोठं फळ आणायचं आणि वर मोठेपणाही आपल्याकडेच ठेवायचा.

जेवणं झाल्यावर सगळे कूलरपुढे बसले. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की निंबाची सावलीसुद्धा फिकट पडली होती. अनिकेत म्हणाला, "चल आई, सांग आता. कुठलं शहर?"

मी सांगू लागले. मी शाळांबद्दल सांगितलं, भाषेबद्दल, ट्रामबद्दल सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज मोकळा झाला, कारण इतक्या महिन्यांत माझ्याजवळचं काही ऐकायला एवढी माणसं बसली नव्हती. "मोबाइलवरच्या नकाशात हल्ली तिथले फोटो बघत रस्त्यावर उतरून चालता येतं," मी म्हणाले. "लिस्बनच्या शाळेसमोर जांभळ्या फुलांचं झाड आहे. त्याखाली हिरवा बाक. दुपारी सावली बाकावरच पडत असावी. चित्रात एक म्हातारी बाई बसली आहे, मांडीवर पिशवी घेऊन, शाळा सुटायची वाट बघत. तिचा चेहरा पुसट केलेला आहे. व्हिएन्नाच्या शाळेबाहेर बाक नाही, पण ट्रामच्या थांब्याला काचेचं छप्पर आहे. तिथून फाटक दिसतं, पाऊस असला तरी बसता येईल. थांब्यापासून फाटकापर्यंत उतारही नाही, गुडघ्यांना..."

तिथे मी थांबले. मधुरानं, माझ्या सुनेनं, अनिकेतकडे पाहिलं.

"आई," अनिकेत हळूच म्हणाला, "रेवा तर शाळेच्या बसनं जाणार. तू बसायची जागा कुणासाठी बघत होतीस?"

मी खरबुजाच्या फोडींकडे पाहत राहिले. रात्रीमागून रात्री त्या पुसट चेहऱ्याच्या बाईचा हेवा करत मी तो रस्ता पाठ केला होता, हे मला स्वतःलाही तोवर असं उघड माहीत नव्हतं.

"तुमनं बरं शे, याहीनबाई," अक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. "पोरे बठ्ठं तुमले इचारतस. गाव कोनतं, शाळा कोनती. माले काय इचारं? 'अक्का, येशी का? भाकरी करशी का?' इतलंच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी घर जाईसन रडनू त्या दिन. म्हंतं, आपलेबी वाचता येतं तर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. या बाईला माझा हेवा वाटत असेल, अशी शंका मला एकदाही आली नव्हती. मत्सर करणाऱ्याला तेवढं दिसतच नाही. त्याला वाटतं, सगळं पाणी पलीकडच्याच घागरीत आहे.

अक्कांनी ताटलीतली मोठी फोड उचलून माझ्यापुढे धरली. मी हात आडवा केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि फोड माझ्या हातात कोंबली. "त्या बाकवर दोन जनी मावतीन का नही, ते सांगा."

"आजी, अक्का विचारतेय, मावतील का?" रेवानं आपलं भाषांतर पुरवलं आणि सगळे हसले. मीही हसले. मी नको म्हणाले नाही.

सगळी माणसं संध्याकाळी गेली. शहर अजून ठरलेलं नाही. रेवाला बर्फ हवा आहे आणि मधुराला ऊन. माझं वर्ष मार्गशीर्षात संपेल, त्याआधी मला घर सोडता येणार नाही, हे अनिकेतला मी सांगितलं, त्यावर तो म्हणाला, "मग पौषात तिकीट काढू का?" हे दुसऱ्यांदा झालं. मी म्हणाले, "बघू." अजून एकदा विचारायचं राहिलं आहे, आणि या खेपेला तो ते विसरणार नाही असं वाटतं.

कोपऱ्यातली घागर अजून भरलेली आहे. नवं मडकं, त्याच्या अंगावर घाम यावा तसं पाणी पाझरून खालची फरशी ओली होते आणि मातीचा वास खोलीभर राहतो. तिच्याशेजारी बसून मी काल पुन्हा त्या जांभळ्या झाडाखाली जाऊन आले. बाक लांब आहे. दोघी नक्की मावतील. पण एका टोकावरून शाळेचं फाटक सरळ दिसतं, आणि दुसऱ्या टोकावरून मान वळवावी लागते. फाटकाकडच्या टोकाला कुणी बसायचं, ते अक्कांशी अजून बोललेले नाही.