मैनेला कानडी यायची

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याची शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी जतला गेलो, तेही मामांची घोडी आणायला. मामा लष्करातून सुभेदार होऊन परतले ते एक गुडघा कायमचा ताठ घेऊन. कऱ्हाडजवळच्या गावात त्यांचा मळा आहे टेकाडावर. तिथं गाडी जात नाही आणि ताठ गुडघा तर मुळीच नाही. दोन वर्षं मळ्याची हकीकत धाकट्या भावाच्या तोंडून ऐकून मामा सुकत चालले होते. जतला घोडी ठरली तेव्हा त्यांनी मामीला सांगून टाकलं, "ही चालली तर मळा माजा. न्हाईतर भावाच्या हाती देतो आन् बसतो वसरीवर." न ऐकणाऱ्यांना वळण लावायची मास्तरला सवय असते, म्हणून सोबतीला मी.

जत म्हणजे उघडा माळ, वीतभर ज्वारी, मेंढरं आणि पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या घागरी. घोडीचं नाव मैना. तांबूस, देखणी. पण मान वर, कान मागे, पोट आत ओढलेलं. "लय गरीब हाय," मालक म्हणाला आणि घाईघाईनं घरात गेला. आत सगळे कानडीत काहीतरी बोलले आणि हसले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मामा पायदळातले. पण सुभेदार म्हणजे घोडा आलाच, हा गावाचा समज त्यांनी कधी मोडला नव्हता. घोडी चालवतच गावी न्यायची होती. ते खोगिरावर बसताच मैना थरथरली. "होऽ, होऽ," मामा मायेनं म्हणाले. आमच्याकडं बिथरलेल्या जनावराला असंच शांत करतात. मैना सुटलीच. मामांनी लगाम खेचला आणि "होऽ होऽ" चढ्या आवाजात केलं, तशी ती आणखी सुटली. मामा मला पुढं एका बोरीच्या झुडपात सापडले. काटे काढताना मी हसलो नाही, हे मामीनं लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी एका लिंबाखाली मेंढरं राखणारी बाई भेटली. तिनं आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) दिलं. ते पिऊन मामांना हुरूप आला आणि ते पुन्हा बसले. पुन्हा "होऽ होऽ", पुन्हा धूळ. मामा धुळीतून उठून, घोडी धरून लंगडत परत येईपर्यंत बाई पदर तोंडाला लावून हसत होती.

"आवं दादा, घोडी येडी न्हाई," ती म्हणाली. "कानडीत होग म्हंजी जा. तुमी हो हो करून तिला जा म्हनताय, आन् वर तोंड वडताय. तिनं करायचं तरी काय?"

"मग थांब कसं म्हनायचं?"

"निल्लु."

हा शब्द कानावर पडताच चुळबुळणारी मैना मामांच्या हातातल्या हातात थांबली. लगामाला कुणी हिसका दिला नव्हता. मामांचा चेहरा पडला. त्यांनी घोडीच्या ओठांवरून बोट फिरवलं. कडेला सोललं होतं. "दोन दिस मी हिचं तोंड फाडतोय गं बाई," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं.

"आता घाई करू नगा," बाई म्हणाली. "लगाम सैल सोडा. चार पावलं चाला, निल्लु म्हना, मान खाजवा. तुमी एकच सांगताय ह्ये तिला पटू द्या."

त्यानंतरचा प्रवास किलोमीटरच्या दगडांनी झाला. गुडघ्यामुळं मामांना चढायला दगड लागे. पहिल्या दगडांवर ते नुसते खोगिरावर रेलत आणि मागे होत. मग बसत आणि उतरत. मग चार पावलं, आठ पावलं. मान वर झाली की आम्ही उभे राहायचो. मामा "मेल्लग, मेल्लग" (सावकाश) म्हणायचे आणि मान खाली येईपर्यंत तंबाखू मळायचे. कवठेमहांकाळच्या पुढं मैना पहिल्यांदा मान सोडून चालली. मिरजेजवळ तिनं नाकातून असा मोठा सुस्कारा टाकला, की आम्हीही टाकला. एवढंच झालं, की आता ती प्रत्येक दगडापाशी आपणहून थांबू लागली आणि चढायला कुणी नसेल तर रुसू लागली.

राहिला 'हो'. मामा "व्हय" म्हणणारे, त्यांचं बरं होतं. "मास्तर, भूक लागली का?" असं विचारलं, की मी "हो" म्हणायचो आणि उत्तर ऐकायला मामा जागेवर नसायचे.

सांगलीत विश्रामबागेत माझा एक प्राध्यापक मित्र राहतो. त्याच्या फाटकाशी मामा घोडीवरच होते. वहिनी कौतुकानं बाहेर आल्या. "जतहून चालत? हो का! आणि घोडीवर? हो का!" दुसऱ्या 'हो का'ला मैना कॉलेजच्या रस्त्याला लागली. समोरून सायकलींचा घोळका येत होता. पण मामांनी लगाम ओढला नाही. खालच्या आवाजात "निल्लु" म्हणाले. मैना चार पावलांत उभी राहिली, सायकली निघून गेल्या, आणि मामा सैल लगामानं परत आले.

"वहिनी, च्या घेऊ," ते म्हणाले, "पर तुमी जरा 'बरं' म्हना."

इस्लामपूरच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्या लागल्या आणि दर गाडीवानाच्या तोंडी "होऽ होऽ"! मी डोळे मिटले. मैनेनं प्रत्येक हाकेला कान फिरवला, पाऊल मात्र मामांचंच ऐकून टाकलं.

गावात मामी भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. मामांनी तो ओवाळून घेतला आणि घोडी तशीच टेकाडाच्या वाटेला घातली. मी मागून धापा टाकत वर पोचलो तेव्हा ते बांधावर घोडीवरच बसून होते.

"उतरायचं का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. हितनं समदं दिसतंय."

साताऱ्याच्या एस.टी.त बसल्यावर मला माझा वर्ग आठवला. पोरांना पळा म्हणायचं आणि तेव्हाच कान ओढायचा, हे मीही किती वर्षं करत आलो आहे. लाज वाटली. गाडी टेकाडाखालून वळली तेव्हा बांधावर मैना मामांना घेऊन शांत उभी दिसली. मी खिडकीतून हात केला. मामांनी पाहिलं नाही. पेरणीची पाभर वाकडी हाणली म्हणून ते भावावर ओरडत होते.