रुमालाखालचा हात

“पैसे! दुसरं काय असणार? पैसे!” समोरच्या गाळ्याचा शेठ ओरडला आणि त्याने ग्लास फळीवर असा आपटला, की मार्केट यार्डातल्या त्या चहाच्या टपरीवरचं दूध वेळेआधीच उतू गेलं.

हंगाम आंब्याचा होता. सकाळचे सौदे सुरू व्हायचे होते आणि आम्ही सगळे आडते, खरेदीदार, हमाल एकाच पेपरावर वाकलो होतो. टीव्हीवरच्या एका नटाची बातमी होती. झाडून सगळ्या सासवांनी मनातल्या मनात जावई करून घेतलेला तो नट. त्याने आदल्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बसून सरळ सांगितलं होतं, की मला पुरुष आवडतात, माझं एका माणसावर प्रेम आहे आणि आम्ही एकत्र राहतो.

“आमची ही तर काल जेवलीच नाही,” शेठ म्हणाला. “पोरीचं जमलेलं लग्न मोडावं तशी बसून होती. अरे, पण सांगितलं कशाला? पिक्चर येतोय त्याचा! मालाला उठाव नसला की माणूस ओरडतो, हे मला शिकवता?”

“परदेशात बंगला देत असतील आसं सांगणाऱ्याला,” एक हमाल म्हणाला. “फुकटात कोन बोलतंय?”

“घरच्यांनी लग्नाचा तगादा लावला असेल. सुटका करून घेतली गड्याने.”

“असेल तर असू दे, पण गपचूप असू दे की! आम्ही काय बघायला जातोय?”

एवढं सगळं चाललं होतं आणि मी गप्प होतो. मी गप्प असणं ही आमच्या बाजारात बातमी व्हावी अशी गोष्ट होती. माझा आवाज असा, की मी गाळ्यावर भाव पुकारला की येरवड्याच्या तुरुंगात कैदी रांगेत उभे राहायचे. गोष्टी सांगण्यातही माझा हात कोणी धरू शकत नव्हता. मी बिनलग्नाचा. लग्न का झालं नाही, याच्या माझ्याकडे इतक्या हकिगती होत्या, की पावसाळ्यात बाजार थंड असला की लोक चहा पाजून त्या ऐकायचे. एकीत मुलीच्या बापाने मला नुसतं पाहिलं आणि उठून संन्यास घेतला. एकीत पोह्यांत मिरची एवढी, की मी जो पाण्यासाठी धावत सुटलो तो खडकवासल्यालाच थांबलो, आणि त्या वर्षी धरणाची पातळी का घटली हे फक्त मला माहीत आहे. सगळ्यांत लाडकी घोड्याची. वरातीचा घोडा मला घेऊन जो उधळला तो थेट सासवडच्या पुढे एका गावात शिरला. मला लोकांनी हाकललं, घोड्याला ठेवून घेतलं. तो पुढे तिथे सरपंच झाला.

या सगळ्या हकिगती मी एका माणसापासून लपायला रचल्या होत्या. आणि तो माणूस टपरीच्या कोपऱ्यात बशीत चहा ओतून फुंकर घालत बसला होता.

तो खरेदीदार. पेठेत त्याचं फळांचं दुकान, आणि दुकानात त्याच्या हस्ताक्षरातली पाटी: ‘आंबा दाबून पाहू नये. दाबलेला आंबा आपला.’ बोलणं इतकं कमी, की देवाने त्याला शब्द रेशनवर दिले असावेत. घरी बायको, मुलगा, सून, नातवंडं. त्याच्या बायकोच्या हातचा आमरस मी दर वर्षी हक्काने खायचो आणि तिला वहिनी म्हणायचो. त्यालाही तोंडाने सदैव ‘अहो’च म्हटलं. आता लिहिताना तरी ‘तो’ म्हणू द्या.

आमच्याकडे हापूसचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा. कागदावर ती पद्धत केव्हाच बंद झाली होती, पण आमच्यासारखी जुनी खोडं कागदाला जुमानत नव्हती. पेटी उघडायची, वरचा पेंढा बाजूला सारायचा. खरेदीदाराने आंबा उचलून देठाशी वास घ्यायचा. मग आडत्याने आणि त्याने हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. ही दोन दाबली तर हा भाव, अख्खी मूठ धरली तर तो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आत काय ठरलं, ते फक्त त्या दोन हातांना कळायचं.

म्हणजे बघा. भर बाजारात, दिवसाढवळ्या, हमालांच्या आणि टेम्पोवाल्यांच्या देखत, मी त्याचा हात हातात घेऊन उभा राहायचो. आणि जग म्हणायचं, सौदा चाललाय!

त्याच्या अंगठ्याला पेटीच्या खिळ्याची जुनी खूण होती. तळहात कोरडा, बोटं मात्र आंब्याच्या रसाने चिकट. मी मुद्दाम ताणायचो. जो भाव दुसऱ्याला एका दमात द्यायचा, तो त्याला देताना मी इतकी घासाघीस करायचो, की वाहतूक थांबायची, कोकणातून आलेले ट्रक कंटाळून परत जायला निघायचे आणि झाडावरचा कच्चा आंबा तोवर पिकायचा. तोही ओढून घ्यायचा नाही हात. चिकट गिऱ्हाईक म्हणून त्याचा लौकिकच होता. मी मनात म्हणायचो, बाबा रे, एवढी बोटं दाबतोस, ती दुकानातली पाटी एकदा माझ्या गळ्यात अडकव. मग वर्षभर मी पुढच्या हंगामाची वाट बघायचो. थंडीत संत्री यायची, मोसंबी यायची, त्यांचे सौदे उघड लिलावाने. संत्र्याचं आणि माझं त्यावरून कधी पटलंच नाही.

आणि त्या बातमीच्या दोन दिवस आधी, रुमालाखाली हात असतानाच, तो म्हणाला होता, “पुढच्या वर्षी मी यायचा नाही. मुलगा वारज्याच्या नव्या दुकानातून फोनवरच माल घेणार आहे. म्हणतो, बाबा, आता बसा घरी.”

माझी बोटं भावच विसरली. त्या पेट्या किती स्वस्तात गेल्या ते सांगत नाही. समोरचा शेठ अजून बाजारात आहे, हसेल.

तर टपरीवर शेवटी शेठ माझ्याकडे वळला. “काय अण्णा? आज तोंडाला कुलूप? या विषयावर काही हकिगत नाही वाटतं?”

मला त्या क्षणी तो नट आठवला. आठवला म्हणजे काय, समोरच बसलाय असं वाटलं. हे सगळे त्याचा हेतू शोधत होते, पिक्चर, बंगला, पैसा. मी जन्मभर बाजारात ओरडलेला माणूस. ओरडणाऱ्याचं मला विचारा. आडत्या ओरडतो ते सगळ्या बाजाराच्या कानावर पडतं, पण त्याचा डोळा एकाच गिऱ्हाइकावर असतो, पाठ फिरवून निघालेल्या. त्या पोराच्या आयुष्यात तो माणूस कोण होता मला ठाऊक नाही. एकत्र राहतो म्हणाला खरा, पण कोण जाणे, तो सोडून निघालेलाही असेल. पण सगळ्या देशाला सांगितलं ते त्या एकाने मान वळवावी म्हणून, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. एवढा टीव्ही माझ्याजवळ नव्हता. टपरी होती.

“आहे की,” मी म्हणालो आणि एका उलट्या पेटीवर उभा राहिलो. “माझं लग्न का झालं नाही ते सांगतो. मीही त्या नटासारखाच आहे. माझाही एका माणसावर जीव आहे. फार वर्षं झाली. याच बाजारातला आहे तो.”

टपरीवर असं सामसूम झालं, की शेजारच्या गाळ्यात आंबा पिकताना ऐकू आला.

मग शेठ मांडीवर थाप मारून जो हसला! त्याच्यामागे सगळे. हमाल तर खालीच बसला. “अण्णा, ही काही जमली नाही हां!” डोळे पुसत शेठ म्हणाला. “घोडा कुठाय हिच्यात? घोडा पाहिजे!”

“घोड्याची सांगा, अण्णा! घोड्याची!”

मी सांगितली. त्या दिवशी घोडा सरपंचावर न थांबता आमदारकीला उभा राहिला. पडला, पण डिपॉझिट वाचवलं. लोक लोळत होते. मी कोपऱ्यात बघितलं. तो हसत नव्हता. बशीतला चहा केव्हाच निवला असणार, तरी तो फुंकर घालतच होता.

आता भाव मोबाइलवर ठरतात. त्याचा मुलगा पेट्यांचे फोटो मागवतो, खाली अंगठ्याचं चित्र पाठवतो, सौदा संपतो. चैत्र लागला की मी उगाच खिशात एक धुतलेला रुमाल ठेवतो. उजवा हात दिवसभर कुणाची तरी वाट बघतो. जेवतानासुद्धा त्याला आठवण करून द्यावी लागते, की बाबा, तोंड इकडे आहे.

त्या टपरीच्या दिवशी मात्र तो आला होता. गर्दी ओसरल्यावर गाळ्यावर आला, पेटी उघडली, देठाशी वास घेतला, हात पुढे केला. मी रुमाल टाकला. भाव त्याने एका दमात मान्य केला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. सौदा संपला. हात निघाला नाही. माझा की त्याचा, ते मला सांगता येणार नाही, आत अंधार होता.

“तुम्ही हसला नाहीत,” मी शेवटी म्हणालो.

त्याने हात काढून घेतला. रुमाल झटकला, त्याच्यावरची पेंढ्याची काडी टिपली, चार घड्या घालून माझ्या हातात दिला.

“मला नीट ऐकू येतं, अण्णा. एवढं ओरडायचं काही कारण नव्हतं.”