ऑप्शनला टाकलेलं लॅटिन

“ताई, आते डावा डोया बी गया.”

भाईदासकाका काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते. चार दिवसांपूर्वी ते कमळाकाकींसाठी डोळ्यांचे थेंब माझ्याकडून घेऊन गेले होते. काकींना मी पाहिलं नव्हतं, चिठ्ठी तेवढी पाहिली होती.

“काका, या थेंबांनी बाहुली मोठी होते. थोडे दिवस धूसर दिसतं.”

“थोडं? तिले सुईमा दोरा घालता येत नही. ताटमा काय वाढेल शे ते बी दिसत नही. सांजले गाडी काढस, सुरतले लई जास.”

सहा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली ही गोष्ट. पुरुषोत्तमनगरला माझं लहानसं मेडिकल आहे. त्या दिवशी चिठ्ठी मागून घेतली आणि पुन्हा वाचली. थेंबांच्या नावापुढे ओडी लिहिलं होतं, त्याखाली बीडी.

फार्मसीवाल्यांची ही रोजची भाषा. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. मी समजले होते की डॉक्टरांनी आधी ओडी लिहिलं, मग विचार बदलून बीडी केलं आणि वरचं खोडायचं राहिलं. डोळा कुठला ते लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून बाटलीवर लिहून दिलं : दोन्ही डोळ्यांत, दिवसातून दोनदा. आता मात्र डॉक्टरांनी दोन्ही डोळे एकदम का धूसर करून ठेवले ते मला कळेना. त्यांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते.

“चार वाजेपर्यंत थांबा काका, मी विचारून सांगते.”

“चार म्हंजे चार, ताई.”

दुपारी शटर अर्धं ओढून मी मागच्या घरात गेले. जुई वही उघडून बसलीच होती.

जुई माझी मुलगी. तेव्हा पाचवीत जाणार होती. शाळेच्या कपाटातली पुस्तकं तिने दोनदा वाचून संपवली होती, म्हणून दुकानातल्या औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या चिठ्ठ्या वाचायला लागली. एक दिवस तिने विचारलं, “मम्मी, बीडी हे कशाचं शॉर्ट आहे?”

“बिस इन डाय. लॅटिन आहे.”

“मग लॅटिन शिकव.”

मला कुठलं येतंय? मी कोरीटच्या शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. कॉलेजात आम्हाला सरांनी लॅटिन शब्दांचं एक कोष्टक दिलं होतं. सर ते चालीवर म्हणून घ्यायचे आणि आम्ही होस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालतानाही तेच म्हणायचो. माझ्या लॅटिनची एवढीच पुंजी. पण त्या सरांनी मला कधी “हे तुझ्या कामाचं नाही” म्हटलं नव्हतं. मी तरी जुईला तसं कसं म्हणणार? नेटवरून नवशिक्यांचं एक पुस्तक काढलं, झेरॉक्स करून त्याला स्पायरल लावलं. रोज दुपारी दोन ते तीन आम्ही दोघी विद्यार्थिनी.

सासूबाई बाजूला शेंगा फोडत बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, “हाई भाषा कोन बोलस व?”

“कोणीच नाही, आजी. मरेल शे.”

“मंग मरेल भाषानी उठाठेव कसाले?”

जुईने वहीत पुढचा शब्द उतरवला. पण दुसऱ्या आठवड्यात ती उडी मारून आजीजवळ गेली. “आजी, एस्त म्हणजे शे! ‘आहे’ नाही, ‘शे’! ऑक्युलस रुबेर एस्त. डोया लाल शे. एकेक शब्द तसाच बसतो बघ.”

शाळेत ‘शे’ म्हटलं की बाई तिला ‘आहे’ म्हणायला लावत. त्यामुळे तिला फार आनंद झाला होता. सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे मन्हं लॅटिन पक्कं शे.” तेव्हापासून त्या आम्हाला चुका काढून दाखवायला लागल्या, अर्थात स्वतःच्या मनाने.

त्या दुपारी धडा होता शरीराच्या अवयवांचा. माझं लक्ष घड्याळाकडे. जुई मोठ्याने वाचत होती. “डेक्स्टर म्हणजे उजवा. सिनिस्टर म्हणजे डावा. ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा.” तिने वहीत लिहिलं, मग पेन थांबवलं. “मम्मी, हे पण ओडीच झालं.”

“काय?”

“ऑक्युलसचा ओ, डेक्स्टरचा डी. तू तर म्हणालीस, ओडी म्हणजे दिवसातून एकदा.”

मी उठून कपाटातलं कॉलेजचं रजिस्टर काढलं. कोष्टक सापडलं. शेवटच्या चार ओळी डोळ्यांच्या आणि कानांच्या होत्या. त्यांच्यापुढे माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं : ऑप्शनला. म्हणजे परीक्षेला येत नाही, सोडून द्यायचं. मी सोडून दिलं होतं.

डॉक्टरांचा फोन साडेतीनला लागला.

“सर, ओडी म्हणजे उजवा डोळा?”

“हो. उजवा डोळा, दोनदा. तुम्ही काय वाचलं?”

“मी दोन्ही डोळ्यांत टाकायला सांगितलं. चार दिवस झाले.”

ते म्हणाले, “डाव्यात आजपासून बंद करा. दोन-तीन दिवसांत उतरेल. उजव्यात चालूच ठेवा, आणि उद्या मला दाखवून जा. मॅडम, शंका आली तर आधी विचारत जा.”

“हो सर.”

हे फोनवर सांगता आलं असतं. मी शटर लावलं आणि काकांच्या घरी चालत गेले. रस्ताभर मी एकच वाक्य जुळवत होते. अंगणात गाडी पुसून तयार होती. काकी ओसरीवर बसल्या होत्या, डोळ्यांवर पदर.

“काकी, तुमच्या डाव्या डोळ्याला काही झालेलं नाही. चूक माझी आहे. थेंब फक्त उजव्यात टाकायचे होते.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

काकींनी पदर खाली घेतला. “म्हंजे मी आंधयी व्हवाव नही?”

“नाही काकी.”

त्यांनी आत वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मंग सूनले आज सांगू नको. चार दिन व्हयनात, गहू तीच निवडी ऱ्हायनी.”

काका मात्र हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते काकींना डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी काकींनी सुईत दोरा ओवला. महिनाभर काका दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले, मग एकदा खोकल्याच्या औषधाला माझ्याकडे आले आणि बाटलीवरचं माझं अक्षर दोनदा वाचून गेले. ते अजूनही तसंच वाचतात. त्यात माझी तक्रार नाही.

तेव्हापासून मी बाटलीवर ‘उजवा डोळा’ असं पूर्ण लिहिते, आणि ओडी-बीडी एकत्र दिसलं की आधी फोन लावते. जे परीक्षेला येत नाही ते गिऱ्हाईक विचारतं, एवढं मी शिकले.

जुई आता अकरावीला पुण्यात आहे. दुपारी दोन वाजता मी अजून शटर अर्धं ओढते. सासूबाई शेंगा फोडतात, कधी मध्येच “रुबेर एस्त” म्हणतात. कॉलेजचं रजिस्टर आता काउंटरच्या खणात असतं. त्या शेवटच्या चार ओळींपुढचं ‘ऑप्शनला’ जुईने त्याच दुपारी खोडलं होतं. शेजारी तिच्या तेव्हाच्या अक्षरात लिहिलेलं आहे : मम्मी, हे आयएमपी.