उसव

“उसव.”

“नाही उसवणार.”

“एवढीशी पाकळी आहे गं.”

“काल पण एवढीशीच होती. परवाचं अख्खं पानसुद्धा एवढंसंच होतं! वर्ष झालं, ताई, मी भरते कमी आणि उसवतेच जास्त.”

“मग हात बसतो कसा? मलाही मावशीने असंच—”

“मावशीचं नाव काढू नकोस. ती बिचारी मेल्यावरसुद्धा अंगुस्तान घेऊन माझ्या मागे लागलीये.”

ताईला हसू आलं. तिने ते गिळलं. आज हसून चालणार नव्हतं. सोमवारपासून धाकटी बहीण औषधाच्या दुकानात कामाला लागणार होती, आणि लग्नाच्या पोशाखाचा हा गळा संध्याकाळच्या आत खाली शिंपी मास्तरांच्या हातात पडायला हवा होता. पांढऱ्यावर पांढरं भरतकाम. धाकटीचं शेवटचं.

शिंप्याच्या दुकानावरच्या या खोलीत खिडकीजवळची खुर्ची ताईची. ती कुणी दिली नव्हती, तिने टाक्याटाक्याने मिळवली होती. लहानपणी शाळेतून आली की मावशीसमोर बसायचं. आधी धावदोरा, मग देठाचा टाका, मग साखळी, आणि सगळ्यात शेवटी गाठीचा. सुईला दोऱ्याचे वेढे द्यायचे, दोरा ताणून धरायचा आणि सुई अलगद खाली सोडायची. सैल राहिला की गाठ लोंबते, ओढला की कापडात बुडते. मावशी सुलट बाजूकडे ढुंकूनही बघायची नाही. कापड ताणलेली रिंग पालथी घालायची, बोट फिरवायची, आणि बोटातल्या अंगुस्तानाची टिचकी डोक्यात बसायची: “उसव!”

ताईही आता बोटच फिरवायची. मावशीची शिस्त म्हणून नव्हे. तिच्या नजरेच्या मधोमध एक डाग बसला होता, ओल्या बोटाने शाई फिसकटावी तसा. जिथे बघावं, नेमकं तेवढंच पुसलेलं. म्हणून ती कोंबडीसारखी मान वाकडी करून कडेने बघायची. “काय हो ताई, कापडाशी रुसलात का?” मास्तर विचारायचे, दुकानातल्या पोरी खिदळायच्या, तीही खिदळायची. डॉक्टरांनी हात टेकल्याचं तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. सुया धाकटी ओवून द्यायची, बारीक काम धाकटी करायची. डोळे तिचे, डोकं आपलं, खुर्ची आपली. एवढ्यावर ताईचा सगळा संसार तोलून उभा होता.

“नको उसवूस,” ती म्हणाली. “आण इकडे. उरलेली पाकळी मीच भरते.”

“भर की! कुणी अडवलंय?”

धाकटीने रिंग तिच्या मांडीवर जवळजवळ आपटली आणि पाठ फिरवून बसली. ताईने कित्येक महिन्यांत गाठी घातल्या नव्हत्या. वेढा, ताण, सुई खाली. वेढा, ताण, सुई खाली. बोटं विसरली नव्हती! दोन-चार गाठींनंतर ती गुणगुणायलासुद्धा लागली.

“ताई, गळा आणा!” खालून मास्तर ओरडले. “नवरीची आई आलीये!”

“आले, आले!”

ती उठली. रिंग हातातून सुटली. पण पडली नाही.

ताईच्या पांढऱ्या एप्रनला ती तशीच लोंबत राहिली. कुठे अडकली म्हणून ताईने हिसका दिला.

“ओढू नकोस!” धाकटी किंचाळली. गुडघ्यावर बसून तिने रिंग उलटी केली. “ताई… तू गळा एप्रनला शिवलायस. सगळी पाकळी.”

“होतं असं. नवशिक्या पोरींचं तर हमखास—”

“नवशिक्या पोरींचं! तुझं?”

ताईने मान वाकडी करून कडेने तिच्याकडे पाहिलं.

“पांढऱ्यावर पांढरं म्हणून नाही ना हे? ताई, इकडे बघ. माझ्याकडे. सरळ.”

ताईने सरळ बघितलं. बहिणीचे केस दिसले, कान दिसले. मधे चेहरा नव्हता.

“आणि माझी पाकळी?” धाकटीचा आवाज एकदम खाली आला. “ती तरी खरंच चुकली होती?”

“काय माहीत.”

“काय माहीत म्हणजे?”

“कुठली चुकली, कुठली बरोबर, मला कळतच नव्हतं गं. एखादी चुकलेली सुटून गेली असती, तर मास्तरांनी मलाच विचारलं असतं. म्हणून… म्हणून सगळ्याच उसवायला लावल्या.”

खालून पुन्हा हाक आली, “येताय, की मीच येऊ वर?”

“उसव गं,” ताई पुटपुटली. परत खुर्चीत बसून दोन्ही हातांनी ती मांडीवरचं कापड ताणून धरत होती, सुरकुती पडू नये म्हणून. “गाठ उसवणं फार वाईट, कापडाला भोक पडतं. पण तुझ्याइतकं सफाईने कुणाला जमणारे? वर्षभर तेच तर केलंस. एवढं एकदा. मग जा खुशाल. उसवशील ना?”

धाकटीने उठून टोकदार कात्री उचलली. मग कात्री ताईच्या तळहातावर ठेवून, एकेक करून तिची बोटं मिटवली, खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेली.