पडलेला पूल

लग्नाच्या पापडांचं पीठ अर्धंच कुटून झालं होतं. वरवंट्याला तेलाचा हात लावता लावता अनसूयाबाई थबकल्या, कारण शेजारच्या शकूने पोळपाट मांडीशी ओढून विचारलंच, "काकू, काल बघून आलात ना? मग होऊ द्या सुरू!"

अनसूयाबाई म्हणजे चौक गावच्या गोपाळकृष्ण मास्तरांची पत्नी. पूजेआधी चहा नाही, सोमवार कधी मोडला नाही. पण मारामारीच्या सिनेमाचा भारी नाद. हमरस्त्यालगतच्या माळावर तंबूचं टॉकीज लागलं की मास्तरांना पुढे घालून जायच्या, आणि आल्यावर सगळा सिनेमा शुक्रवारच्या कहाणीच्या चालीवर सांगायच्या. "आटपाट नगर होतं, नगराबाहेर पूल होता, पुलापलीकडे दरोडेखोर होता..." बायका हुंकार देत, हात आपोआप चालत. गेल्या साली 'बारूद का पुल' त्यांनी असा रंगवला की आळीने त्यांचे उन्हाळ्याचे सगळे पापड लाटून दिले. तंबूचं तोंड न पाहिलेल्या बायकासुद्धा माहेरी जाऊन "आमी बघितला" म्हणून सांगत.

यंदा, एकोणऐंशीच्या चैत्रात, त्याचाच दुसरा भाग आला होता. आणि तो अगदीच फुसका निघाला.

एरवी पदरचा मीठमसाला लावून निभावलं असतं. पण थोरल्या लेकीचं, जयाचं लग्न ठरलेलं, आज पापडांचा मुहूर्त. आणि मुहूर्ताच्या कामावर बसून खोटं बोलायचं नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम. खरं सांगावं तर बायका उठतील, आणि पीठ एकदा सुकलं की पापडाच्या कडा चिरतात. लेकीच्या सासरी चिरके पापड पाठवायचे?

त्यांनी कुलस्वामिनीचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "खरं सांगू? सिनेमा काही बरा नाही गं."

शकूने लाटणं खाली ठेवलं. "मंग मी निघते काकू. घरी गवार निवडायची हाय."

"बस खाली!" सोनुबाई गरजली. माहेर पोशीर गावचं, भातशेतीत राबलेली, आवाज बांधावरून बांधावर जाणारा. "सिनेमा पडला म्हनून पापड पडून राहतील काय गं? अनसूये, कसा पडला त्ये सांग. पडलेलं आयकायला बी मजा येते."

मग अनसूयाबाईंनी सुरुवात केली.

"दरोडेखोर परत आला."

"आं? तो तर नदीत पडून मेला व्हता!"

"मेला तो म्हणे त्याचा जुळा भाऊ."

"मंग गेल्या साली ह्यो खरा कुटं व्हता?"

"मलाही तेच विचारायचं होतं. विचारू कुणाला, पडद्याला?"

शकूने लाटणं उचललं. "आन हिरो? पुलावरून उडी मारली का?"

"अगं, कसली उडी! खाऊन खाऊन सुटलाय. पुलापाशी आला, घाम पुसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, गाडी लांबून घे!"

सोनुबाई हसता हसता भिंतीला टेकली. "आमच्या ह्यांच्यावानी!"

"शेवटी पूल उडाला, पण ते दृश्य गेल्या सालचंच उचललेलं. पलीकडे तोच बांडा बैल चरत होता! आणि हिरो निळ्या सदऱ्यात पळाला, धुरातून निघाला तो लाल सदऱ्यात."

"धुरात बदलला असंल गं!" शकू ओरडली. हसण्याने पापड कधी वाकडे, कधी नको तितके पातळ. पण लाटणी थांबली नाहीत. दारात उभे मास्तर म्हणाले, "तिकिटाचे पैसे आत्ता वसूल झाले."

दुपार कलायच्या आत पीठ संपलं. पडवीभर पसरलेल्या जुन्या लुगड्यांवर पापड वाळत पडले, एकाचीही कड चिरली नव्हती. देवापुढे पहिला पापड ठेवून अनसूयाबाई बाहेर आल्या, तर सोनुबाई पदर खोचून उभीच.

"उद्या वरच्या आळीच्या बायका आनते. त्यास्नी बी ह्यो पडका सिनेमा सांग. पर पीठ दुप्पट भिजव गं."

डबा उघडून पाहिला तर पापडखार चिमूटभरच. चप्पल सरकवून अनसूयाबाई वाण्याकडे पापडखार आणि उडदाची डाळ आणायला निघाल्या.