मुक्यानं आणलेली गौर

मालूकाकी गप्प बसली आहे असं कुणी सांगितलं असतं, तर आमच्या गावठाणात लोकांनी आधी तिची नाडी बघितली असती. सकाळी नळावर सुरू झालेली तिची गोष्ट दुपारी वाळत घातलेल्या बोंबलांपाशी संपायची. मधल्या वेळात दोन घरांतली भांडणं मिटवून तिसऱ्या घरात एक नवं लावून झालेलं असायचं. तिचा नवरा आनंदाकाका मिठागरात राबलेला माणूस. तो म्हणायचा, "आमच्या घरात मिठाला तोटा नाय आनी बोलन्याला खंड नाय." काकी त्यावरही बोलायची.

वर्षातून एकदाच, अर्धा-पाऊण तास, ती गप्प असायची. गौर आणायची त्या दिवशी.

आमच्याकडे गौर तेरड्याची. भाद्रपदात ओढ्याकाठी तेरडा गुलाबी फुलतो, तो मुळासकट उपटायचा, सुपात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि सूप डोक्यावर घेऊन घरी यायचं. जी बाई गौर आणते तिनं ओढ्यावरच तोंडात पाण्याची चूळ भरायची आणि उंबरा ओलांडून गौर पाटावर बसेपर्यंत ती तशीच धरायची. बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. मागून येणाऱ्या आम्ही बायका गाणी म्हणतो. दारात घरची सून किंवा जाऊ विचारते, "कोण आली?" आम्ही म्हणतो, "गौर आली." ती विचारते, "कशाच्या पावलांनी आली?" आम्ही म्हणतो, "सोन्याच्या पावलांनी आली." चूळ धरलेली बाई मुकीच. आता ओढ्याचं पाणी तोंडात घ्यायच्या लायकीचं राहिलेलं नाही, म्हणून बाटली बरोबर नेतो. करंजाड्याचे टॉवर आमच्या पाठीशी येऊन उभे राहिले, मधे चौपदरी रस्ता आला, पण गौर त्याच वाटेनं येते. गाड्या थांबतात. एखादा कर्कश हॉर्न वाजवणारा असतोच, त्याला आम्ही गाण्यातूनच शिव्या घालतो.

बावीस वर्षं आमच्या आळीची गौर मालूकाकीनं आणली. एवढी बोलघेवडी बाई, आणि चूळ मोडली असं एकदाही झालं नाही. एका वर्षी तिच्या पायात काचेचा तुकडा घुसला, घरापर्यंत रक्ताची पावलं उमटली, पण तोंडातून हूं की चूं नाही. ही गोष्ट आम्ही नव्या सुनांना कौतुकानं सांगायचो. मीही सांगितली आहे. आता मला त्या कौतुकाची चीड येते.

काकीला दोन मुलं. भावेश तळोज्याला कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. अंकिता धाकटी, माझ्या बरोबरीची. आम्ही एका बाकावर बसून दहावी झालो आणि एका डब्यातलं जवळ्याचं सुकं खाल्लं. अंकितानं बारावीनंतर मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून तळोज्याला संसार मांडला. मुलगा आमच्यातला नव्हता, घरच्यांना विचारलेलं नव्हतं. निरोप माझ्या तोंडून आला, कारण असली कामं मैत्रिणीच्याच गळ्यात पडतात. काकी त्या दिवशी सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी बोलली. शेवटचं वाक्य होतं, "तिला सांग, या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाय. मी बोलवीन तवाच यायचा."

मी हे शब्द जसेच्या तसे नेऊन पोचवले. मधले चार गाळले असते तर काय बिघडलं असतं?

दोन वर्षं मायलेकी बोलल्या नाहीत. पण काकी रोज काही ना काही निमित्त काढून माझ्या दारात यायची. आधी पाऊस, मग भाव, मग सुनेची सुस्ती, आणि जाता जाता, चप्पल पायात घालताना, "तुझी ती मैत्रीण बरी हाय ना?" मी म्हणायचे, बरी आहे. तिला दिवस गेलेत हे मी सांगितलं त्या दिवशी काकी चप्पल माझ्या दारात विसरून घरी गेली. आठवड्यानं मला कळलं की तिनं जुन्या लुगड्यांची गोधडी घातलीय. मी म्हटलं, "काकी, बोलवा की तिला आता." ती म्हणाली, "गौरी झाल्या की बोलवते. पाचव्या महिन्याची ओटी भरायची ना." म्हणजे मनानं ती कधीच पाघळली होती. तोंडानं तेवढं म्हणायचं राहिलं होतं.

सहा वर्षांपूर्वीची ती गौर. दुपारचे साडेतीन-चार. रस्ता ओलांडून आम्ही रिक्षा स्टँडपाशी आलो, तर वडापावच्या गाडीमागून अंकिता पुढं आली. अंगावर ढगळ ड्रेस, हातात कापडी पिशवी, गळ्यात कसल्यातरी काड्यांची माळ. कावीळ झाली की गळ्यात घालतात ती माळ मी ओळखली नाही. तिचा चेहरा उन्हानं पिवळा दिसतोय असं मला वाटलं. ऊन नव्हतंच त्या दिवशी, हे नंतर आठवलं.

ती थेट काकीच्या बाजूनं चालू लागली. म्हणाली, "आये, मी आले गो. मना बरा नाय. येऊ का घरा?"

काकीच्या डोक्यावर सूप, दोन्ही हात सुपाला, तोंडात चूळ. मान हलवली तर सूप हलणार. अंकितानं परत विचारलं, "आये, येऊ का?"

आणि मी काय केलं? मी पुढं होऊन ओठांवर बोट ठेवलं. "शू," म्हटलं, "गौर हाय डोक्यावर. तिला बोलायला लावू नको." पोरीला ताप होता, दिवस होते, दोन वर्षांनी ती आईच्या समोर आली होती, आणि मला काळजी कशाची, तर चुळीची.

काकी भराभर चालू लागली. इतकी की आम्हाला मागं पळावं लागलं. का, ते तिनं मला पुढं सांगितलं. लवकर घर गाठावं, गौर पाटावर ठेवावी, चूळ टाकावी आणि हाक मारावी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पोरगी मागून येतेच आहे असं ती धरून चालली. आणि मागं वळून बघायचं नव्हतं. अंकिताला दिसलं ते एवढंच, की आपण विचारलं आणि आईनं पाय उचलले.

दारात काकीची जाऊ सुमती भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं सावकाश पाय धुतले, सावकाश ओवाळलं. "कोण आली?" आम्ही म्हटलं, गौर आली. "कशाच्या पावलांनी आली?" माझा आवाज मोठा, म्हणून मी नेहमी सगळ्यांच्या वर म्हणते. त्याही दिवशी म्हटलं, सोन्याच्या पावलांनी आली. काकी डोळ्यांनी विनवत होती, लवकर, लवकर. आम्हाला वाटलं, आज गौर तिच्या अंगात येतेय की काय. आम्ही आणखी एक गाणं म्हटलं.

गौर पाटावर बसली. काकीनं तुळशीत चूळ टाकली आणि पहिला शब्द काढला, "अंके, ये." मागं वळली तर दारात आम्हीच होतो.

भावेश रिक्षा स्टँडपर्यंत धावत गेला. वडापाववाला म्हणाला, ती बाई थोडा वेळ दगडावर बसली, मग तळोज्याच्या रिक्षात गेली. फोन बंद. काकी निघालीच होती. पण सुमती म्हणाली, गौर घरात असताना घरची बाई वेशीबाहेर जात नाही, आणि तीन दिवसांचा तर प्रश्न. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी गणपतीपुढं पडदा ओढून गौरीला चिंबोऱ्यांचा आणि मटणाचा नैवेद्य झाला. काकीनं तो रांधला, वाढला, आणि एक चिंबोरी डब्यात बाजूला काढून ठेवली. भावेश दिवसभर फोन लावत होता. तिसऱ्या दिवशी गौर बोळवली. चौथ्या दिवशी सकाळी काकी डबा, गोधडी आणि मला घेऊन तळोज्याला गेली.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, काल रात्री बेशुद्ध झाली तेव्हा दवाखान्यात नेलं. इतके दिवस सासू माळ बदलून आणत होती. दवाखान्यात काकीला काचेतून मुलगी दिसली. काकी काचेला तोंड लावून बोलत होती, तासभर, न थांबता. ये गो घरा, चल, गोधडी आनलीय, चिंबोरी आनलीय. काचेपलीकडं काही ऐकू जात नव्हतं. संध्याकाळी अंकिता गेली, पोटातल्या जिवासकट.

त्यानंतर मालूकाकी बोलायची थांबली. मुकी झाली नाही; मीठ दे, दार लाव, एवढं बोलायची. गोष्ट सांगणं संपलं. नळावर भांडणं उरली आणि ती मिटवणारं कुणी उरलं नाही. गौर सुमती आणू लागली.

दोनेक वर्षांनी मी एकदा धीर केला. ती दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "काकी, त्या दिवशी मीच तिला गप्प केलं." ती तांदळातून मान वर न काढता म्हणाली, "ऐकला ना मी. तुजा शू ऐकला, म्हनून तर तिचा आवाज तिसऱ्यांदा नाय आला." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "तुजा काय चुकला गो. तुज्या जागी मी असते तं मीबी तेच केला असता. आमाला सगल्यांना तेवराच शिकवला." तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं घरी गेले असते.

या वर्षी सुमतीचे गुडघे गेले. गौर कोण आणणार असा विषय निघाला, तेव्हा कोपऱ्यातून काकी म्हणाली, "मी आनते." सगळ्यांना बरं वाटलं. बाई सावरली, असं आम्ही एकमेकींना म्हटलं.

ओढ्यावर तिनं तेरडा स्वतः उपटला. फुलांपेक्षा पानं जास्त होती. बाटलीतून चूळ भरली, सूप डोक्यावर घेतलं आणि निघाली. आम्ही गाणी म्हणत मागं. रस्ता ओलांडला. रिक्षा स्टँड आलं. वडापावच्या गाडीच्या जागी आता ज्यूसचं दुकान आहे, पण तो दगड अजून तिथंच आहे. काकी दगडापाशी थांबली. आमचं गाणं तुटलं.

तिनं चूळ रस्त्यावर टाकली. सूप डोक्यावर तसंच धरून ती सबंध वळली, दगडाकडं तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "ये. चल घरा."

कुणीतरी मागून "काकी, चूळ" असं पुटपुटलं. मी त्या पुटपुटणारीचा हात धरला आणि तिला गप्प केलं. सहा वर्षं उशिरा का होईना, योग्य बाईला.

तिथून घरापर्यंत काकी बोलत होती. सावकाश चालत, मधे मधे थांबत, शेजारी कुणी असावं तशी. इथं खड्डा हाय, जपून. ती बघ आपली शाळा, रंग दिलाय. दमलीस तं बस थोडी. रिक्षावाले बघत होते. आम्ही गाणं म्हटलं नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी पदराला डोळे पुसत होत्या.

दारात भावेशची बायको रोहिणी उभी होती. वाटेत काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिनं रीतीप्रमाणं पाय धुतले आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कोण आली?"

उत्तर आम्ही द्यायचं असतं. आमच्या आधी काकीच म्हणाली, "अंकी आली."

रोहिणी गांगरली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. मग तिला जे शिकवलं होतं तेच तिनं पुढं विचारलं, हळू आवाजात, "कशाच्या पावलांनी आली?"

"तापात चालत आली गो," काकी म्हणाली. "तिला इचारत बसू नको. आत घे."