पलीकडची होडी

कळंबच्या सारजाला भिगवणची एसटी नुसती दिसली तरी पोटात दुखायचं. भिगवणात तिची धाकटी बहीण प्रयाग नांदत होती, हमरस्त्यावर तिची मच्छीची खानावळ जोरात चालली होती, आणि आता खानावळीमागं तिनं स्लॅबचं घर बांधलं होतं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं, तेव्हा उसाला पाणी द्यायचंय म्हणून जायचं नाही, असं सारजानं ठरवून टाकलं.

दुखणं जुनं होतं. दोघी बहिणींना बघायला दोन स्थळं एकाच दिवशी आली होती. बाप हौशी, म्हणाला, थोरलीनं आधी सांगावं. एक कळंबचा गेणबा, विहिरीवरच्या रानाचा धनी. दुसरा भिगवणकडचा दादासो, त्याची जमीन धरणात जायची होती. "बुडत्याच्या घरी कोन नांदंल?" म्हणून सारजानं गेणबाला होकार दिला. उरलेला प्रयागच्या वाट्याला आला.

जमीन बुडाली खरी, पण पाण्यात मासे आले, रस्त्याला ट्रक आले आणि प्रयागचं नशीब उघडलं. तेव्हापासून आपल्या ताटातला घास बहिणीनं उचलला, अशी सारजाची पक्की समजूत. खानावळीत जेवली की कालवणात मीठ कमी. बहिणीनं साडी नेसवली की काठ भडक. आणि घरी आल्यावर गेणबाला ऐकवायचं, "माजीच अक्कल गहाण पडली हुती त्या दिवशी." गेणबा चुन्याची डबी उघडायचा.

वास्तुशांतीच्या आदल्या रविवारी सारजा ओसरीवर ज्वारी निवडत होती. नववीतली लेक दिपाली शेजारी पुस्तक घेऊन बसली होती. कुणा जुन्या कवीची कविता होती. काठावर दोन होड्या, एकाच लाकडाच्या. प्रवासी एकीत बसतो आणि पलीकडं पोचेपर्यंत दुसरीकडं बघत राहतो. बाईंनी अर्थ लिहून आणायला सांगितला होता.

"लिव," सारजा म्हणाली. "चुकीच्या होडीत बसलं की जलमभर रडावं लागतं."

"पण आई, दोन्ही सारख्याच हुत्या म्हणतोय कवी. चुकीची कुठली ते सांगतच न्हाय."

"त्याला काय ठावं? मला इचार."

दिपाली उंबऱ्यात बसलेल्या बापाकडं वळली. "आबा, तुमी सांगा."

"मला कवितंतलं काय कळतंय?" गेणबा म्हणाला. "पर ज्या होडीत बसला, तिच्यादेखत त्यो दुसरीकडं बघत ऱ्हायला. तिला काय वाटलं आसंल, ते लिवलंय का?"

दिपालीनं कविता परत वाचली. "न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे."

सारजाचा हात सुपातच थांबला. वीस वर्षांत जे सुचलं नव्हतं, ते आता सुचलं.

"तुमाला बी आमी दोगी दावल्या हुत्या त्या दिवशी. तुमाला कोन पसंत हुती?"

"आता कशाला ते?"

"सांगा."

"मला कुनी इचारलं न्हवतं," गेणबा म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेला.

वास्तुशांतीला सारजा गेली. नव्या घराकडं तिनं धड बघितलंही नाही. पंगत बसली, तशी ती खांबाला टेकून गेणबावर डोळा ठेवून उभी राहिली. प्रयाग लापशी वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली. गेणबानं मान वर केली, बहुतेक नको म्हणायला. मग प्रयागकडं बघत त्यानं ताट पुढं केलं.